मदत हवी आहे: एकाच एचएमसीखालचे ४० एलपीएआर एकदम शोधताना टाइमआउट

रॅकवाला:
चांदिवलीच्या डेटा सेंटरमध्ये पाच आयबीएम पॉवर सर्व्हर, त्यांवर मिळून ४० एलपीएआर (सर्व्हरचे पाडलेले स्वतंत्र भाग, प्रत्येक वेगळ्या मशीनसारखा चालतो) आणि सगळ्यांना एचएमसी (या सर्व्हरांचा ताबा ठेवणारी वेगळी मशीन) एकच. एक्सकॅटमधून (बरेच सर्व्हर एकत्र हाताळायचं सॉफ्टवेअर) सगळ्यांवर एकदम गेटमॅक्स ही नेटवर्क कार्डांचे मॅक पत्ते शोधणारी कमांड (मोठ्या डीसकट, म्हणजे -D पर्याय लावून) चालवली की पहिल्या आठ-दहांचे मॅक येतात, पुढचे टाइमआउट. एक्सकॅटच्या सेटिंगांच्या साइट टेबलमध्ये मॅक्सएसएसएच ८ चं ३२ केलं तर आणखीच पडले. डाउनटाइम रविवारी रात्री १ ते ४. एकेक करत बसलो तर पहिली लोकल सुटेल तरी संपणार नाही.

माहीमकर:
मॅक्सएसएसएच आधी ८ वर परत न्या, मूळ आकडा तोच आहे. एका एचएमसीवर एका वेळी किती एसएसएच (दुरून लॉगिन करायच्या) जोडण्या, एवढंच तो ठरवतो. पीपीसीमॅक्सपी ही प्रोसेसची मर्यादा, ती एचएमसी बऱ्याच असतील तेव्हा कामाची. तुमच्याकडे गाड्या कितीही सोडा, पुलाचा जिना एकच आहे.

मोठा डी एलपीएआर रीसेट करून ओपन फर्मवेअरपर्यंत (ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होण्याआधीचा टप्पा) आणतो आणि एकेका अडॅप्टरवरून पिंग करून बघतो. म्हणजे प्रत्येक जोडणी मिनिटंच्या मिनिटं अडून राहते. (चालू प्रॉडक्शनवर चुकूनही देऊ नका.) तो सगळ्यांना लागतो का, हे आधी बघा. व्हर्च्युअल ईथरनेटचे मॅक एचएमसीला माहीतच असतात. एचएमसीवरच्या एलएसएचडब्ल्यूआरईएस कमांडला रिसोर्स व्हर्च्युअलआयओ, सबटाइप ईथ, लेव्हल एलपीएआर द्या, सर्व्हरमागे एक अशा पाच कमांडी. रीबूट नाही, त्यामुळे हे शनिवारी दुपारीही उरकेल. मॅक कोलनशिवाय सलग १२ अक्षरी येतो, एक्सकॅटच्या मॅक टेबलमध्ये भरताना दोन-दोन अक्षरांनंतर कोलन घाला.

मोठा डी फक्त प्रत्यक्ष कार्डवाल्यांसाठी ठेवा. त्यांची तुकडी करताना प्रत्येक सर्व्हरमधून एक-एक एलपीएआर उचला. एकाच सर्व्हरचे आठ घेतले तर त्याच्या एफएसपीवर (सर्व्हरमधला नियंत्रणाचा छोटा प्रोसेसर) सगळा भार पडतो. पिंग नको, नुसती मॅकची यादी हवी असेल तर मोठ्या डीसोबत नोपिंग लावा, बराच वेळ वाचतो.

जिना_क्र_६:
माहीमकरांच्या म्हणण्यात एक भर. तुकडी चालू असताना एचएमसीवर मॉनएचएमसी कमांड लावून मेमरी आणि प्रोसेसर बघत राहा. मेमरी संपत आली तर मॅक्सएसएसएच ४ करा, पीपीसीरिट्राय (एचएमसीशी जोडणीचे किती प्रयत्न करायचे) मूळच्या ३ वरच असू द्या. रिट्राय वाढवणं म्हणजे दमलेल्या एचएमसीच्या डोक्यावर आणखी ओझं.

रॅकवाला:
व्हर्च्युअलवाले २६ निघाले, शनिवारीच उरकतो. उरलेल्या १४ पैकी तीन एलपीएआर मात्र एकेकटे चालवले तरी पडतात.

माहीमकर:
त्यांचा कन्सोल कुणीतरी उघडा ठेवलाय. एका एलपीएआरला व्हर्च्युअल टर्मिनल एका वेळी एकच मिळतं आणि गेटमॅक्सलाही तेच लागतं. आरएमव्हीटर्म कमांडला सर्व्हरचं आणि एलपीएआरचं नाव देऊन ते बंद करा. त्याआधी शिफ्टवाल्याला विचारा, तो तिथे फर्मवेअरचं काम करत बसला असेल तर त्याचं सगळं जाईल.

जिना_क्र_६:
आणि दुसरी एचएमसी पडून असेल तर जोडून टाका. एका सर्व्हरला दोन एचएमसी चालतात. एक्सकॅटमध्ये तीन सर्व्हरच्या एलपीएआरचा एचसीपी (ताबा कोणाकडे, ते सांगणारी नोंद) पहिली एचएमसी आणि दोन सर्व्हरच्यांचा दुसरी असा लावा. एकाच सर्व्हरचे एलपीएआर मात्र दोघींत वाटू नका. बदल करणाऱ्या कमांडी सर्व्हरला लॉक लावतात, मग दुसरी एचएमसी नुसती वाट बघत बसते.