काळ्याकडून हा डाव एकदा मांडून बघा

"बुद्धिबळात काळी मोहरी आली की आधी बरोबरी, जिंकायचं नंतर" असं एकांनी लिहिलंय. टॅराश बचावाबाबत (काळ्याने डाव सुरू करायची एक पद्धत) हे पटत नाही. आमच्या सांगलीत, बुद्धिबळ संघटक भाऊसाहेब पडसलगीकरांच्या गावात, स्पर्धेच्या दोन फेऱ्यांमध्ये पोरं विचारतात तेव्हा मी रॉटलेवी (पांढरा) विरुद्ध रुबिनस्टाइन (काळा) (पोलंडमधलं लोड्झ, १९०७) हाच डाव मांडतो. दोन्ही बाजूंची रचना जवळपास सारखी. पण पांढऱ्याने वजीर आधी डी२ (डी या उभ्या रांगेतलं दुसरं घर), मग ई२ वर नेला. उंटही डी३, सी४, परत डी३. वेळ गेला तो इथेच.

बाविसाव्या चालीला प्याद्याने काळ्या वजिरावर हल्ला केला, तर रुबिनस्टाइनने तो हलवलाच नाही! हत्तीने सी३ वरचा घोडा मारला. वजीर गेला, लगेच दुसरा हत्ती डी२ वर, तोही फुकट. पंचविसाव्या चालीला हत्ती एच३ वर, आणि पांढऱ्याने डाव सोडला. मात टळणारी नव्हती.

लोक बलिदानांवर भाळतात (मीही, अर्थात). पण माझ्या मते पारडं फिरलं ते पंधराव्या चालीला, काळा घोडा ई५ वर आला तेव्हा. तिथे थांबून पांढऱ्यासाठी चाल शोधा, इंजिन (चाली शोधणारा संगणक प्रोग्राम) न लावता.