लेकरं झाल्यावर कळलेले शब्द : तुमचेही अनुभव लिहा

माजघर
काल रात्री अडीचला लेक पाळण्यात कण्हल्यासारखी करायला लागली. डोळे मिटलेले, पाय झाडतेय, ओठ काढलेले. मी उचलायला वाकले तर सासूबाई अंधारातूनच म्हणाल्या, "उचलू नकोस गं. उठली नाहीये, चाळवलीये नुसती. थोपट."

थोपटलं. दोन मिनिटांत गाढ.

सात महिने मी दर वेळी तिला उचलत होते आणि अर्धवट झोपेतल्या पोरीला पूर्ण जागं करत होते! आणि मग पडल्या पडल्या एकदम वाईचं आजीचं घर आठवलं. मी सहा वर्षांची, धाकटा भाऊ पाळण्यात. पाळण्याची दोरी माझ्या पायाच्या अंगठ्यात अडकवलेली, मी चटईवर पडून चित्रं काढतेय आणि स्वयंपाकघरातून आजीची हाक, "बाळ चाळवलंय, झोका दे!" शब्द तेव्हापासून कानात होता, उपयोग तीस वर्षांनी झाला.

असे शब्द आपण ऐकलेले असतात, पण मूल झाल्याशिवाय त्यांचा खरा अर्थ कळत नाही. तुमच्याकडचे लिहा. प्रसंगासकट लिहा, नुसती यादी नको.

सायली_क
पारोशी. दुपारचे साडेतीन झालेत, मी अजून पारोशी. तो झोपलाय, पळते आंघोळीला. नंतर लिहिते.

ओढाळ
लोढणं! आमच्याकडे (कराडजवळ) ओढाळ गुराच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवायचे, म्हणजे ते पळालं तरी ओंडका पायात येतो आणि लांब जात नाही. तेच लोढणं. आमचं लोढणं पावणेदोन वर्षांचं आहे. मी भाकरी थापायला उभी राहिले की डावा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरून त्यावर बसतं. मग ओट्यापासून फ्रिजपर्यंत पाय ओढत जायचं, ते खाली बसून खुदुखुदु हसतं. परवा सासरे बघत होते, म्हणाले, "गाय लांब जाऊ नये म्हणून बांधतात, हे बरोबर बांधलंय."

जुळ्यांचा_बाबा
मस्त धागा. आमचे दोघे आळीपाळीने उठतात, त्यामुळे रात्री एक खांद्यावर आणि मोबाईल उजव्या अंगठ्याखाली अशी माझी ड्युटी असते. झोप लागू नये म्हणून मी शब्दकोश वाचतो. मोल्सवर्थचा (दुसरी आवृत्ती, १८५७) आणि दाते-कर्व्यांचा सात खंडांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२ ते ३८), दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट बघता येतात. एक शब्द शोधायला जावं आणि शेजारचे वीस वाचून व्हावेत.

माझा शब्द लेकुरवाळा. 'लेकुरवाळी' बायकांना म्हणतात हे माहीत होतं. जनाबाईंनी मात्र विठोबाला लेकुरवाळा म्हटलंय! निवृत्ती खांद्यावर, सोपानाचा हात धरलेला, गोरोबा मांडीवर, बंका कडेवर, नामदेवाने करंगळी धरलेली. शाळेत हा अभंग पाठ केला होता, मार्कही मिळाले होते. गेल्या महिन्यात दादर स्टेशनच्या जिन्यावर एक खांद्यावर, एक कडेवर आणि दातात तिकीट धरून चढताना तो खरा समजला. देवाने एवढी पोरं कशी सांभाळली असतील याचं फार कौतुक वाटलं.

माजघर
@जुळ्यांचा_बाबा दातात तिकीट!! हाहा. दोघांना पापा.

नागपुरी_संत्रं
आमच्या पोट्ट्याच्या रडण्याचे प्रकार मी डायरीत लिहून ठेवले होते, नवऱ्याला ट्रेनिंग द्यायला. इतके वेगवेगळे शब्द आपल्या भाषेत आहेत की प्रत्येकाला वेगळा उपाय लिहिता आला :)

किरकिर : झोप आलीये, त्याला कळत नाहीये. कडेवर घे, लाइट बंद कर.
पिरपिर : काहीतरी हवंय. हातात काय आहे ते बघ आणि दुसरं दे.
मुसमुस : कोणीतरी रागावलंय. कोण ते विचारू नको, जवळ घे.
भोकाड : हे पसरतात. खरंच पसरतं, तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जातं. आधी लागलंय का बघ, मग बाकीचं.
हमसणं : रडणं संपल्यावर झोपेतसुद्धा मधूनच जो श्वास अडखळतो तो. याला उपाय नाही, छातीशी धरून बस.

नवऱ्याने तो कागद फ्रिजवर लावला. तीन वर्षं झाली, पोट्टा बालवाडीत जातो, कागद तिथेच आहे.

सायली_क
आले आंघोळ करून. नागपुरी, हमसणं वाचून रडूच आलं गं. आमचा लसीच्या दिवशी तसा हमसत झोपला होता.

निळीशाई
+१ हमसणं. आमच्याकडे लसीला दोघं जातो. एक धरायला, एक आईला धरायला.

आजोळ_काकू
मुलींनो, तुम्ही लिहिताय ते वाचून मी दुपारी माळ्यावरची ट्रंक काढायला लावली मुलाला. त्यात काय काय निघालं सांगते. कुंची दोन, एक माझ्या आईने तिच्या जुन्या इरकलीच्या काठाची शिवलेली, १९७४ सालची, मोठ्या मुलाच्या बारशाला. लाळेरी चार, एकावर गव्हला टाक्याचं बदक. दुपटी मऊ होऊन होऊन जाळीदार झालीत. आणि सर्वांत खाली बोंडलं!

आता हे बोंडलं कुणी पाहिलंय की नाही कोण जाणे. छोटी वाटी, तिला एका बाजूला पन्हळीसारखी चोच. त्यातून वरचं दूध पाजायचं. मांडीवर आडवं घ्यायचं, चोच गालाच्या आतल्या बाजूला टेकवायची, थेंब थेंब सोडायचा. मधला मुलगा फार अधाशी होता, बोंडलं दातांशिवाय हिरड्यांनीच पकडून ठेवायचा. ओढलं की भांडं आणि मूल दोन्ही वर यायचं. आज तो पन्नाशीच्या आसपास आहे, ट्रंक त्यानेच काढली. त्याला दाखवलं तर म्हणाला, "एवढुसं?" आणि बराच वेळ हातात धरून बसला.

ओढाळ
काकू कुंचीचा फोटो टाका ना! माप पण. वहिनीला सातवा लागलाय.

आजोळ_काकू
माप मुलाला घ्यायला सांगते, माझा चष्मा नंबर बदललाय. मागे कमरेखालपर्यंत झालर हवी आणि गळ्याशी बंद सैल, एवढं लक्षात ठेव.

मुरडशेंग
बाळगुटीचे शब्द राहिले की. सहाण, उगाळणं, वळसा. आजी म्हणायची, "वेखंडाचा अर्धा वळसा, हळकुंडाचा एक, मुरडशेंगेचे दोन." आख्खं औषधाचं प्रमाण वळशांत! आणि मुरडशेंग बघितलीत का कधी? दोरीसारखी पिळलेली असते. पोटात मुरडा येतो म्हणून मुरडलेली शेंग. लहानपणी मला वाटायचं आजीच रात्री बसून ती पिळत असेल.

डॉ_पावसाळी
शब्द सगळे गोड आहेत, माझ्या आजीचेही हेच. पण नवीन आयांसाठी कळकळीने लिहिते : पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नको, गुटी नको, डोळ्यांत काजळ नको, खोलीत धुरी नको. कमी वजनाची बाळं असतील तर बालरोगतज्ज्ञांना विचारूनच सगळं. सहाण जपून ठेवा, कपाळाला गंध लावायला कामी येते.

मुरडशेंग
@डॉ_पावसाळी बरोबर. आम्हीही लेकाला नाही दिली. सहाण मात्र देवघरात आहे.

अंगणवारा
आमची लेक आम्हाला चौदा महिन्यांची असताना मिळाली. बाळंतविडा, पाचवी, पान्हा असे शब्द कुणी बोललं की मी तेव्हा उठून आत जायची. पहिले काही दिवस ती माझ्याकडे यायचीच नाही, खोलीच्या कोपऱ्यात आपल्या चादरीचं टोक चोखत बसायची. एकोणिसाव्या दिवशी (तारखेवर खूण केलीये) मी भाजी निवडत होते, ती चादर ओढत आली आणि माझ्या मांडीत अंगाचं मुटकुळं करून झोपली. मेथीची काडी हातात तशीच. दोन तास हलले नाही, पायाला मुंग्या आल्या. माझा शब्द मुटकुळं.

माजघर
अंगणवारा, काय लिहू कळत नाहीये. खूप खूप प्रेम लेकीला.

आजोळ_काकू
अगं बाळा, मेथीची काडीसुद्धा लक्षात आहे तुला. सुखी राहा दोघी.

सिएटलकर
इथे मुलांशी मराठी बोलायला हेच शब्द उपयोगी पडतात. आमचा पाच वर्षांचा दिवसभर बोलतो. आजोबा आले होते, म्हणाले, "काय टकळी चालू आहे!" त्याने विचारलं टकळी म्हणजे काय. पुढच्या खेपेला आजोबांनी बॅगेतून खरी टकळी आणली, शाळेत सूत काढायचे ती. कापसाचा पेळू धरून फिरवून दाखवली, धागा येत गेला, येत गेला. पोरगं पहिल्यांदाच दहा मिनिटं गप्प. मग म्हणालं, "आजोबा, माझ्या तोंडातून पण असाच येतो का?"

नागपुरी_संत्रं
हाहाहा येतोच की!!

शेंडेफळाची_आई
तुमची लहान आहेत म्हणून. तेरा वर्षांचं असलं की एकच शब्द पुरतो, फुरंगटणं. काल वरणात कोथिंबीर जास्त झाली म्हणून दार लावून बसली. साडेनऊला दाराखालून चिठ्ठी सरकवली, "वरण आहे का अजून?" होतं. गरम करून दिलं, कोथिंबीर वेचून.

ओढाळ
कोथिंबीर वेचून!! आईच ती.
काकू, बोंडलं चांदीचं आहे की पितळी?

आजोळ_काकू
चांदीचं. काळं पडलंय पार. मुलगा म्हणतोय मीच घासतो. उद्या उजेडात फोटो काढून टाकते, कुंचीचं मापही.