रात्री खोलीत कोळशाची शेगडी ठेवावी का?

प्रश्न: पुण्यात पहाटेचे तापमान १० अंशांखाली उतरते, तेव्हा आजीच्या खोलीत रात्रभर कोळशाची शेगडी ठेवणे सुरक्षित आहे का? सकाळी तिचे डोके दुखते.

उत्तर १: कृपया ठेवू नका. धूर दिसत नसला तरी निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला रंग नसतो, वासही नसतो, त्यामुळे झोपलेल्या माणसाला धोका कळतच नाही; आणि रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० हून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोकेदुखी हे त्याचे पहिले लक्षण असू शकते. आजींना आजच डॉक्टरांकडे न्या आणि शेगडीचा उल्लेख आवर्जून करा.

उत्तर २: अंगणात बंब असल्यास वाळलेल्या लाकडावर पाणी तापवून, रबरी पिशवीत भरून, कापडात गुंडाळून पांघरुणात ठेवावे.