ड्रोन फवारणी : तीव्र द्रावण आणि वारा

शेतात ड्रोनने कीटकनाशक फवारल्यास फवारणीतील विषबाधेचा प्रश्नच मिटेल, असा दावा केला जातो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेले मृत्यू आठवले, की माणूस फवाऱ्यापासून दूर राहणे केवढे मोलाचे आहे हे निराळे सांगावे लागत नाही. मात्र धोका संपत नाही, त्याची जागा बदलते. पाठीवरच्या पंपाला एकरी साधारण १५० ते २०० लिटर पाणी लागते, तर ड्रोन तेच काम सुमारे १० लिटरमध्ये करतो. औषधाची एकरी मात्रा तीच ठेवल्यास टाकीतील द्रावण १५ ते २० पट तीव्र होते आणि ते कालवून भरणारा मदतनीस (बहुधा हातमोज्यांविनाच) त्याच्या थेट संपर्कात येतो.

शिवाय बारीक थेंब वाऱ्याबरोबर बांधापलीकडे जातात. शेजारी रेशीम किड्यांसाठी लावलेली तुती असेल, तर कीटकनाशकाचा थोडा अंशही अख्खी बॅच मारू शकतो. दाटलेल्या कपाशीत पानांच्या खालच्या बाजूस बसणाऱ्या पांढऱ्या माशीपर्यंत औषध कितपत पोहोचते, हेही पाहिले पाहिजे. चिखलातल्या भातात किंवा उंच उसात, जिथे माणसाला शिरणेच अवघड असते, तिथे मात्र मी ड्रोनलाच पसंती देईन.