मदत हवी आहे: निगुतीने सांभाळलेली स्टेशन वॅगन विकायची आहे, भाव आणि गिऱ्हाईक दोन्हींबद्दल सल्ला द्या

नमस्कार मंडळी,

गाडी विकायची आहे आणि जाणकारांचा सल्ला हवा आहे. स्कोडा ऑक्टाव्हिया कॉम्बी (म्हणजे वॅगन आवृत्ती), पहिल्या पिढीची, १.९ टीडीआय पंप-ड्युझ (प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा इंजेक्शन पंप असलेले) डिझेल इंजिन, पाच गिअर, २००६ची. पहिल्यापासून माझ्याच नावावर आहे. रनिंग दोन लाख किलोमीटरच्या आत.

मी कार्यक्रमांच्या ध्वनिव्यवस्थेचे काम करायचो. स्पीकर, लांब स्टँड, मिक्सर, केबलच्या पेट्या हे सगळे एका फेरीत नेता यावे म्हणून मुद्दाम वॅगन घेतली. मागची सीट उभी असताना डिकी ५४८ लिटर, पाडली की १५१२ लिटर. या आकाराच्या दुसऱ्या कुठल्या गाडीत माझे सामान असे आडवे, न रचता बसले नसते. आता ते काम थांबवले आहे आणि गाडी बहुतेक वेळ उभीच असते. उभ्या गाडीची बॅटरी जाते, ब्रेक डिस्कवर गंज धरतो, टायर एका जागी दबतात. तिची गरज असलेल्या माणसाकडे ती जावी आणि मी घेतलेल्या काळजीचे थोडे तरी मोल मिळावे, एवढीच इच्छा आहे.

काळजी म्हणजे काय ते सांगतो, कारण 'वेल मेंटेन्ड' असे प्रत्येकच जाहिरातीत असते. सर्व्हिस बुक भरलेले आहे आणि प्रत्येक बिल तारखेनुसार फाइलला लावले आहे. या इंजिनात कॅमशाफ्टच इंजेक्टर दाबतो, त्यामुळे त्याच्या लोब्जवर (उंचवट्यांवर) भार जास्त येतो. फोक्सवॅगनच्या ५०५.०१ या मानकाचे ऑइल नसेल तर कॅम झिजतो. माझ्या प्रत्येक ऑइलच्या बिलावर हा क्रमांक लिहून घेतलेला आहे. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलले. कूलंट कधीही नुसत्या पाण्याने भरले नाही. गंज कुठेही नाही, मागच्या चाकांच्या कमानींच्या आतही नाही.

दोषही सांगतो. मागच्या बंपरला ओरखडा आहे. ड्रायव्हर सीटची बाहेरची कड घासली आहे. डिकीच्या दाराचे गॅस स्ट्रट सैल झालेत, थंडीत दार अर्ध्यावरून खाली येते. आणि मुख्य म्हणजे टायमिंग बेल्टची (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणाऱ्या पट्ट्याची) मुदत जवळ आली आहे. किलोमीटर बाकी आहेत, पण वर्षे भरत आली.

अडचण अशी की एका डीलरकडे दाखवली, तर तिथल्या माणसाने साल आणि किलोमीटर संगणकात टाकले आणि आकडा सांगितला. फाइल उघडली नाही, डिकीही उघडून पाहिली नाही. ऑनलाइन जाहिराती चाळल्या तर तुलनेला अशा वॅगन फारच थोड्या, आणि त्यांचे भाव एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत.

म्हणून विचारतो: भाव ठरवायचा कशावरून? बेल्ट बदलून विकावी की भाव कमी करून घेणाऱ्यावर सोडावे? आणि वॅगनच हवी असलेला माणूस नेमका कुठे भेटतो?

गॅरेजवाला

बेल्ट बदलूनच विका. यावर माझे मत पक्के आहे.

हे इंजिन असे आहे की चालू असताना बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि अख्खे हेड उतरवावे लागते. हे माहीत असलेला गिऱ्हाईक बेल्टच्या खर्चाएवढेच पैसे कमी करा म्हणणार नाही, मनातल्या भीतीचेही कापेल. ज्याला माहीत नाही तो गाडी नेईल, चार महिन्यांत बेल्ट तुटेल आणि फोन तुम्हालाच येईल. नुसता बेल्ट टाकू नका. टेन्शनर, आयडलर पुली आणि वॉटर पंपही त्याच वेळी बदला, कारण पंप त्याच बेल्टवर फिरतो आणि नंतर तो गळाला तर तीच सगळी खोलाखोली पुन्हा. काम झाले की तारीख आणि किलोमीटर लिहिलेले स्टिकर बेल्टच्या कव्हरवर लावून घ्या. जुने भाग एका पिशवीत डिकीत ठेवा, बघणाऱ्याला दाखवायला.

गॅस स्ट्रटही बदला. क्लिपवर बसतात, दहा मिनिटांचे काम. वॅगन बघायला आलेला माणूस पहिल्यांदा मागचे दारच उघडतो. ते हाताने धरून उभे राहावे लागले तर पुढे तुम्ही दाखवलेली फाइल तो शंकेनेच वाचेल.

आता काय करू नये तेही सांगतो. इंजिन प्रेशरने धुऊन चकचकीत करू नका. माझ्याकडे तपासायला आलेल्या गाडीचे इंजिन ओले दिसले की मी आधी गळती शोधतो. गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी गरम करून ठेवू नका, थंड स्टार्ट त्याच्यासमोरच होऊ द्या. तुमचे इंजिन चांगले असेल तर तो क्षण तुमच्याच फायद्याचा आहे. स्कॅनर लावून जुने बिघाडाचे कोड आदल्या दिवशी पुसू नका. कोड पुसले की गाडीच्या स्वतःच्या चाचण्याही शून्यावर जातात आणि त्या अपूर्ण दिसल्या की जाणकाराला लगेच कळते.

बंपर रंगवू नका. बंपर प्लास्टिकचा, तिथे रंगाची जाडी मोजायचे यंत्र नीट चालत नाही आणि नवा रंग दिसला की आत काय दडवले असा प्रश्न येतो. ओरखडा परवडला. बाकी पत्र्यावर कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉनच्या आसपास येतो. तुमचा सगळीकडे तसा येत असेल तर ते आकडे मोजून ठेवा आणि बेधडक सांगा.

लांबचा_प्रवासी

वरच्या प्रतिसादाशी सहमत, फक्त एक भर. टायर मात्र लगेच बदलायला जाऊ नका. आधी बाजूवरचा चार आकडी तारखेचा कोड वाचा. २३१९ असेल तर २०१९चा तेविसावा आठवडा. टायर जुने असतील तर तेवढे भावात धरा. घेणाऱ्याला त्याच्या आवडीचा टायर घालू द्या, तुम्ही घाईने टाकलेल्या स्वस्त टायरचे कोणी कौतुक करत नाही.

भावाबद्दल. वॅगनची वॅगनशी तुलना करत बसलात तर अडकालच, कारण नमुनेच थोडे. तुमच्या गाडीचीच सेदानसारखी दिसणारी आवृत्ती, तेच इंजिन, जवळचे साल आणि रनिंग घ्या. त्या किमान आठदहा जाहिराती काही आठवडे पाहत राहा. मागितलेला भाव आणि विकला गेलेला भाव यांत फरक असतो. जी जाहिरात महिनाभर हलत नाही तिचा आकडा सोडून द्या, जी चारपाच दिवसांत गायब होते तिचा धरा. त्यावर वॅगन म्हणून अधिक किंवा उणे हे तुमच्या भागातल्या बाजारावर ठरेल. जर्मनी, स्वीडनसारख्या देशांत वॅगन ही कुटुंबाची नेहमीची गाडी, तिथे गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. इतर बऱ्याच ठिकाणी १९८४ नंतर रेनो एस्पास आणि क्रायस्लरच्या मिनीव्हॅननी आणि पुढे एसयूव्हींनी हे गिऱ्हाईक नेले. अशा बाजारात दहातल्या नऊ जणांना तुमची गाडी नकोच असते. त्या नऊ जणांसाठी भाव पाडू नका. थोडा वेळ जास्त लागेल, पण दहावा माणूस पैसे देतो, कारण त्याच्यापुढेही पर्याय नसतात.

हा दहावा माणूस कुठे असतो? मोठी कुत्री पाळणारे, सायकलस्वार, वादक, छायाचित्रकार, तुमच्याच धंद्यातले ध्वनिवाले. नेहमीच्या गाडीविक्रीच्या ठिकाणी जाहिरात द्याच, पण या लोकांच्या गटांतही टाका. आणि त्यांना हवी ती माहिती द्या. लिटरचा आकडा कॅटलॉगमध्ये असतोच. तुम्ही टेप लावून मोजा: सीट पाडल्यावर पुढच्या सीटपासून दारापर्यंत लांबी, चाकांच्या दोन कमानींमधली रुंदी, दाराच्या तोंडाची उंची, आणि जमिनीपासून डिकीच्या काठाची उंची. टेप दिसेल असे फोटो काढा. माझी आधीची वॅगन ज्या बाईंनी घेतली त्यांच्याकडे म्हातारा लॅब्रॅडॉर होता. त्यांनी इंजिनाबद्दल जेमतेम एक प्रश्न विचारला, काठाच्या उंचीबद्दल मात्र दोनदा विचारले, आणि येताना कुत्र्याला घेऊन आल्या. तो एका दमात आत चढला आणि सौदा झाला.

डीलरला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला ती गाडी पुन्हा विकायची, जागा अडवून ठेवायची, नंतरची तक्रारही ऐकायची. तो फाइलीचे पैसे देऊ शकत नाही. घाई असेल तरच त्याच्याकडे जा.

कागदपत्री

मंडळींनी गाडीबद्दल सगळे सांगितले, मी विक्रीच्या दिवसाबद्दल लिहितो.

टेस्ट ड्राइव्हला एकट्याला चावी देऊ नका, शेजारी बसा. आधी त्याचा परवाना पाहा, आणि तुमचा विमा दुसऱ्याने चालवताना लागू होतो का ते विमा कंपनीला विचारून ठेवा. गाडी न बघता पूर्ण भाव कबूल करणारा, किंवा 'जास्त रक्कम पाठवली आहे, उरलेली माझ्या वाहतूकदाराला द्या' म्हणणारा भेटला तर बोलणे तिथेच थांबवा. ही जुनी फसवणूक आहे. चेक आधी वटल्यासारखा दिसतो आणि मागाहून परत येतो, तोवर तुम्ही तुमचे खरे पैसे दिलेले असतात. पैसे स्वतःच्या बँकेत जमा झाल्याचे स्वतः तपासल्याशिवाय मूळ कागद आणि दुसरी चावी हातातून सोडू नका.

विक्रीपत्रावर तारखेबरोबर वेळ आणि त्या क्षणाचे किलोमीटर लिहा. त्याच संध्याकाळी त्याने सिग्नल तोडला तर हीच वेळ तुमच्या कामी येते. नाव बदलायचे काम 'करतो सावकाश' म्हणणाऱ्यावर सोडू नका, मालकी बदलल्याची सूचना तुमच्याकडूनही द्या. गाडीवर कधी कर्ज होते का? फिटले असले तरी बोजा कागदावरून उतरला आहे ना, ते आजच पाहा. ऐन वेळी त्यासाठी आठवडे जातात.

डिझेल असल्याने आणखी एक. बऱ्याच मोठ्या शहरांत जुन्या डिझेलना बंदी किंवा शुल्क आहे. लंडनच्या अति-कमी उत्सर्जन क्षेत्रात शुल्क टाळायला डिझेल कार युरो ६ (युरोपच्या उत्सर्जन मानकाची श्रेणी) लागते, जर्मनीत हिरव्या स्टिकरला युरो ४ किंवा त्याला साजेसे फिल्टर. तुमची गाडी कोणत्या श्रेणीची आहे ते नोंदणीच्या कागदावर बघून जाहिरातीतच लिहा. घेणारा कुठे राहतो तेही फोनवरच विचारा. त्याची फेरी वाचेल आणि तुमचाही दिवस.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. बेल्ट, टेन्शनर, पुली आणि पंप असे पूर्ण काम करायचे ठरवले आहे, गॅरेजची वेळ घेतली. स्ट्रट मागवले. कर्ज कधी नव्हते, त्यामुळे ती काळजी नाही. काठाच्या उंचीचे तर मला सुचलेच नसते, आणि खरे तर जड स्पीकर उचलताना मला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला.

एक प्रश्न राहिला. माझ्याकडे छतावरचे आडवे बार आणि मोठा रूफ बॉक्स आहे. गाडीबरोबर द्यावेत का?

जाहिरातीचा मसुदा असा केला आहे:

"ऑक्टाव्हिया कॉम्बी १.९ टीडीआय, २००६, एकच मालक. प्रत्येक सर्व्हिसचे बिल फाइलला, ऑइल कायम ५०५.०१. टायमिंग बेल्ट, टेन्शनर, पुली, वॉटर पंप नुकतेच बदलले, जुने भाग बघायला ठेवले आहेत. मागच्या बंपरला ओरखडा, ड्रायव्हर सीटची कड घासलेली, दोन्हींचे फोटो दिले आहेत. डिकीची मापे टेपसह फोटोत. इंजिन थंड असतानाच दाखवेन, तुमच्या मेकॅनिकला घेऊन या. काम बंद केल्यामुळे तातडीने विकणे आहे."

लांबचा_प्रवासी

मसुदा छान आहे. शेवटच्या वाक्यातले 'तातडीने' तेवढे काढा, ते वाचले की समोरचा पहिलाच आकडा निम्म्याने सांगतो. टायरचा तारीख कोड आणि युरो श्रेणी घाला. बार गाडीबरोबर द्या, ते त्याच रेल्सच्या मापाचे आहेत आणि फोटोत गाडी कामाची दिसते. रूफ बॉक्स वेगळा विका. तो कुठल्याही गाडीला बसतो, त्याला स्वतंत्र गिऱ्हाईक मिळते. मात्र घासाघीस अडली तर शेवटी द्यायला म्हणून सौदा होईपर्यंत हाताशी ठेवा.

गॅरेजवाला

बेल्टचे काम करताना व्हॉल्व्ह कव्हर काढायला सांगा आणि कॅमच्या लोब्जचे जवळून फोटो काढून घ्या. कव्हरचे गॅस्केट नवे लागेल, तेवढा खर्च होऊ द्या. पंप-ड्युझ ओळखणारा कोणीही आला तर आधी तेच विचारेल.