दात्याच्या शुक्राणूंपासून झालेली मुलगी, आईचं दुसरं लग्न: दत्तकाला संमती कुणाची?

पारिजात: मुलगी 2023 साली एआरटी (कृत्रिम गर्भधारणा) क्लिनिकमध्ये, दात्याच्या शुक्राणूंपासून झाली. पुढे घटस्फोट झाला, ताबा आईकडे. आता आईच्या दुसऱ्या नवऱ्याला तिला दत्तक घ्यायचंय. पहिल्या नवऱ्याशी मुलीचं रक्ताचं नातंच नाही, मग त्याची संमती कशाला? की राजपत्रात नाव बदललं की झालं?

कायदेकानू: संमती लागणारच. एआरटी कायदा 2021, कलम 31 पाहा: असं मूल त्या जोडप्याचंच जैविक अपत्य मानलं जातं, दात्याला पालकत्वाचा हक्क उरत नाही. डीएनए काहीही सांगो, कायद्याने बाप पहिला नवराच. घटस्फोटाने ते नातं तुटत नाही आणि ताबा मिळाला म्हणजे त्याची संमती टळत नाही.

राजपत्राने नुसतं नाव बदलतं. सावत्र मूल हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या वर्ग 1 मध्ये (पहिल्या हक्काच्या वारसांत) नाही, त्यामुळे नुसत्या नावावर वारसा मिळत नाही.

रीतसर मार्ग असा: आई आणि नवरा दोघांनी मिळून केरिंग्ज या दत्तकाच्या सरकारी पोर्टलवर सावत्र पालक म्हणून नोंदणी करायची. मुलीचा जन्मदाखला, लग्नाचा दाखला, घटस्फोटाचा हुकूमनामा आणि पहिल्या नवऱ्याचं संमतीपत्र लागेल. सप्टेंबर 2022 पासून दत्तकाचा आदेश न्यायालय नाही, जिल्हाधिकारी देतात. मुदत दोन महिने. आदेश पटला नाही तर 30 दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील. लग्नाला दोन वर्षं व्हायची अट सावत्र पालकांना नाही. ताब्याचा दावा चालू असेल तर मात्र तो निकाली निघेपर्यंत थांबावं लागतं. बरीच प्रकरणं इथेच अडतात.

मध्यमा: नोंदणीकृत दत्तकपत्राने ही संमती टळेल असं समजू नका. हिंदू दत्तक कायदा 1956, कलम 9 प्रमाणे मूल देताना आईबाप दोघांची संमती लागते. शिवाय नव्या नवऱ्याला आधीची मुलगी असेल तर या कायद्याने दुसरी मुलगी दत्तक घेता येत नाही, आणि त्याच्या व मुलीच्या वयात किमान 21 वर्षांचं अंतर हवं.

पारिजात: आणि पहिल्या नवऱ्याने नकारच दिला तर?

कायदेकानू: मग दत्तक होत नाही. नव्या नवऱ्याने दोन साक्षीदारांच्या सह्यांचं मृत्युपत्र करून तिचा हिस्सा लिहून ठेवावा, हे आजच करा. पहिला नवरा तयार झाला तर सही करण्याआधी आईला नीट समजू द्या: दत्तकानंतर पहिल्या बापाकडून मुलीची पोटगी आणि वारसा दोन्ही संपतात. तिच्या नावावर आधीच आलेली मालमत्ता मात्र तिचीच राहते.