रिमोटने गाडी उघडेना, चावीने मात्र सुरू होते

हर्णैकर:
पहाटे लिलावाला बंदरावर गेलो होतो, परत आलो तर रिमोट चालेना. त्याचा लाल दिवा लागतो, पण गाडी ढिम्म. चावी घालून दार उघडलं, इंजिन लगेच सुरू झालं. परवा गाडी दापोलीला सर्व्हिसिंगला होती, तिथे दुसरी चावी दिली होती. ही घरी राहिली आणि भाचा दिवसभर बटणं दाबत बसला होता. त्यानेच बिघडली का? सेल गेला म्हणावं तर दिवा लागतोय, गाडीही सुरू होतेय.

सुपारीबाग:
सेल बदलून बघा आधी. बहुतेक चाव्यांत सीआर २०३२ असतो.

रत्नागिरीचा वायरमन:
दादा, गाडी सुरू होते ती चावीतल्या चिपवर. तिला सेल लागत नाही, कुलपाभोवतीच्या कॉइलमधून वीज मिळते. दार उघडणारा रेडिओ वेगळा. आपल्याकडे तो बहुधा ४३३.९२ मेगाहर्ट्झवर चालतो आणि त्याला सेल हवाच. दिवा थोडक्यात भागवतो, रेडिओला जास्त करंट लागतो. म्हणून दिव्यावर जाऊ नका.

आता भाच्याचं. प्रत्येक दाबाला रिमोट नवा कोड पाठवतो, आतला आकडा एकाने पुढे सरकतो. गाडीही तोच हिशोब ठेवते आणि वापरलेला कोड पुन्हा घेत नाही. चोराने असा वापरलेला कोड पकडून ठेवला तरी त्याचा सहसा उपयोग होत नाही. गाडी लांब असताना बटणं दाबली की रिमोट पुढे जातो, गाडी मागे राहते. थोडा फरक ती चालवून घेते; जास्त पडला तर बऱ्याच गाड्यांत जवळ उभं राहून लागोपाठ दोनदा दाबलं की जुळतं. काहींची रीत वेगळी असते, ती गाडीच्या पुस्तिकेत मिळेल. पोराला ओरडू नका.

पण आधी चावी उघडा. माझ्याकडे बंदरावरून येणाऱ्या रिमोटांत सेलखालच्या पट्टीवर हिरवी भुकटी हमखास असते. ओला, खारा हात खिशात जातो ना! पॉलिश पेपर लावू नका, पट्टीचा मुलामा जाईल. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घ्या. नवा सेल कडेने धरून बसवा.

हर्णैकर:
उघडली. रबराच्या कडेला सुरमईचं एक खवलं चिकटलेलं आणि पट्टी अगदी तुम्ही म्हणालात तशी हिरवी. घासली, सेल घातला. पहिल्या दाबाला काहीच नाही. दुसऱ्याला दोन्ही इंडिकेटर लुकलुकले, कुलूप खटकन उघडलं. भाचा शेजारीच उभा होता, त्यालाही दाबू दिलं.